बावीस इंचांचा जिना

सोमवार, १४ सप्टेंबर १९९८

तारीख मिळाली! बारा ऑक्टोबरला भरती व्हायचं, चौदाला ऑपरेशन. जयनगरच्या हॉस्पिटलातून येलहंक्याला घरी येईपर्यंत, म्हणजे बेंगळुरूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, रिक्षात मी एकटीच बोलत होते. पी. के. माझ्या शेजारी उरलेल्या चार इंचांत बसून बाहेर बघत होते.

बेळगावच्या कॉन्व्हेंटात मदर अग्नेस सांगायच्या, ज्या दिवशी काही घडलं नाही त्या दिवशी डायरी लिहू नका, शाई फुकट जाते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, एक पान लिहिलं नव्हतं. आज शाईचं सार्थक आहे.

डॉक्टर मुथण्णा चाळिशीचे असतील. परदेशात शिकून आलेत. मला त्यांनी पेन्सिलीने पोटाचं चित्र काढून दाखवलं. (चित्र वाईट होतं. प्रमाण चुकलेलं.) पोटाच्या पिशवीचा वरचा भाग धातूच्या बारीक टाक्यांनी शिवून वेगळा करायचा, अंड्याएवढाच ठेवायचा. तेवढ्यातच अन्न मावेल.

"म्हणजे शिवणकामच की," मी म्हटलं.

"हो मॅडम. फक्त कापड जिवंत असतं."

मला माणूस आवडला. पण अट घातली. आज माझं वजन एकशे अठरा किलो. भरतीच्या दिवशी एकशे बारा किंवा त्याच्या आत हवं. माझं यकृत म्हणे चरबीने फुगून पोटावर बसलंय, ते आकसल्याशिवाय खाली हात घालता येत नाही. "एक किलो जास्त भरलं तरी मी घरी पाठवीन. नंतर मी परदेशी जातोय, पुढची तारीख थेट फेब्रुवारीत."

फेब्रुवारी नको. आठ डिसेंबरला येलहंक्याच्या विमानतळावर विमानांचं प्रदर्शन सुरू होतंय. आमच्या गच्चीवरून सगळं दिसतं म्हणे. म्हणे, कारण मी पाहिलेलं नाही. विमान कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी चौतीस वर्षं काढली, आधी ट्रेसर, मग चेकर. पी. के. म्हणजे माझे यजमान पद्माकर, त्याच ऑफिसात. ते ड्रॉइंग काढायचे, मी लाल पेनाने चुका दाखवायची, त्यातूनच लग्न झालं. ज्या विमानांच्या पंखांतल्या फासळ्यांची एकेक रेघ मी शाईने ओढली, ती माझ्या डोक्यावरून उडतात आणि मी मोरीच्या खिडकीतून मान वाकडी करून शेपूट बघते. गच्चीवर जायला घरामागे लोखंडी गोल जिना आहे. रुंदी बावीस इंच. एकोणनव्वद साली मी त्याच्या चौथ्या पायरीवर अडकले. कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्या गुंडोने येऊन दोन गज कापले तेव्हा सुटले. सगळी गल्ली जमली होती. त्यानंतर माझ्याच घराची गच्ची मी पाहिलेली नाही.

रिक्षा हेब्बाळजवळ आली तेव्हा पी. के. पहिल्यांदा बोलले. "फेब्रुवारीत हवा बरी असते."

"मी काय माथेरानला चाललेय?" मी विचारलं.

मंगळवार, १५ सप्टेंबर

हॉस्पिटलने यादी दिली आहे. पुढून उघडणारे दोन गाऊन, रबरी तळाच्या सपाता, टॉवेल, कंगवा, जुने रिपोर्ट. शिवाय श्वासाचं एक खेळणं: प्लास्टिकच्या तीन नळ्या, प्रत्येकीत एक निळा चेंडू. तोंडात नळी धरून श्वास आत ओढायचा, चेंडू वर उठले पाहिजेत. ऑपरेशननंतर फुफ्फुसं झोपू नयेत म्हणून. आज एक उठला. दुसरा नुसता थरथरला.

आणि संमतीचा फॉर्म. रुग्णाच्या सहीखाली दुसरी ओळ: 'पती किंवा पालक यांची सही.' पोट माझं! साठ वर्षं ते मी वागवतेय! चौतीस वर्षं माझ्या सहीशिवाय एक खिळा कारखान्यात घडला नाही, आणि माझ्या पोटाला टाका घालायला पी. के.ंची सही! मी जयनगरला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सरी मॅडम, पण रूल आहे." सरी म्हणजे कन्नडमध्ये बरोबर.

फॉर्म पी. के.ंच्या टेबलावर ठेवला. "वाचतो," म्हणाले. वाचणारा माणूस आहे. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा दोनदा वाचतात.

शुक्रवार, १८ सप्टेंबर

चार दिवस नाचणीची आंबील, पातळ ताक, मुगाचं पाणी, सार. दिवसातून पाच कप. पहिल्या दिवशी मी भिंतीवरचं कॅलेंडर खाल्लं असतं. आज बरं आहे. डोकं हलकं होऊन जुन्या गोष्टी आठवतात. दोन चेंडू उठले!

फॉर्म अजून वाचून झालेला नाही.

पी. के.ंनी भिंतीवरच्या सुलभावन्संच्या फोटोची काच पुसली. आठवड्यात तिसऱ्यांदा. काच स्वच्छच होती. सुलभावन्सं म्हणजे त्यांची धाकटी बहीण. चौऱ्याहत्तर साली पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन करायला गेल्या, त्या परत आल्या नाहीत. पण ते चौऱ्याहत्तर साल होतं, तेव्हा सगळंच अंदाजाने चालायचं. निवृत्तीनंतर पुरुषांना उद्योग नसतो, म्हणून काचा पुसतात.

सोमवार, २१ सप्टेंबर

आमच्या न्हाणीघरातला काटा शंभरच्या पुढे नुसता गरगरतो, म्हणून गुंडोच्या शेडमध्ये गेले. तिथे लोखंड तोलायचा काटा आहे, दोनशे किलोंचा. गुंडोही आमच्या बेळगावकडचाच. डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर सारून म्हणाला, "या की अक्का. आज लोखंडी चॅनेल देऊ का अँगल?"

"आज मला तोल," मी म्हटलं.

त्याने माणसं बाहेर घालवली, शटर अर्धं ओढलं. एवढी रीत मोठ्या हॉस्पिटलात नाही. मी काट्याच्या फळीवर चढत असताना म्हणाला, "अक्का, पायरी किती उंच चालतीय तुम्हाला? सहा इंच का सात?"

"काटा आहे की चढण? सहा," मी म्हटलं. त्याने खडूने शटरवर लिहून ठेवलं. वेंधळा आहे. पुढच्या वेळी माझ्यासाठी पाट ठेवणार असेल.

एकशे साडेपंधरा!! अडीच किलो गेलं! येताना मी न थांबता कोपऱ्यापर्यंत चालले.

घरी कल्पना वाट बघत बसली होती. ही आमच्या महाराष्ट्र मंडळाची सेक्रेटरी, मूळची नागपूरची. बोलायला लागली की श्वासही घेत नाही, तिला तिन्ही चेंडू सहज उठवता येतील.

"काकू, पितृपक्ष काल संपला म्हणून आज आले. उद्या आमच्याकडे तुमचं केळवण!"

"माझं लग्न आहे का?"

"आता तुमचं पोट एवढंसं होणार. पुन्हा कधी हो पोटभर जेवणार तुम्ही? मुलगी सासरी जायच्या आधी आपण करतोच ना? तसंच. पुरण घातलंय मी. नाही म्हणायचं नाही!"

नाही म्हणणार होते. पण पी. के. आतून म्हणाले, "येतो आम्ही."

बुधवार, २३ सप्टेंबर

काल कल्पनाकडे पाटाभोवती रांगोळी होती. मला खणाची ओटी भरली. साठ वर्षांच्या बाईला! मंडळाच्या सात बायका रांगेत उभ्या राहून आग्रह करत होत्या. प्रत्येकीची एक पोळी घ्यायलाच हवी, नाहीतर तिचा अपमान. सात आग्रह, साडेचार पोळ्या, आणि वर कटाची आमटी वाटीने. खोटं का लिहू? आठवडाभराच्या आंबिलीनंतर पहिला घास टाळूला लागला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या, त्या मात्र इंग्रजीत. मदर अग्नेसनी शिकवलेल्या नव्हेत.

शनिवार, २६ सप्टेंबर

काल हेब्बाळला अलकाकडे. तिचे यजमान पी. के.ंच्या हाताखाली होते. तिनेही केळवणच म्हटलं. ही साथ कुठून पसरली कळत नाही. बासुंदी, मसालेभात, अळूवडी. मी म्हटलं, मला फक्त ताक. अलका रडवेली झाली, "वहिनी, तुमच्यासाठी दूध सकाळपासून आटवतेय." तीन वाट्या.

गाऊन स्वतःच शिवायचं ठरवलं. माझ्या मापाचा एकही तयार मिळत नाही. दुकानदाराने मला तंबूच्या कापडाचं दुकान सुचवलं, त्याला मी त्याची लायकी सुचवून आले. घरी ट्रेसिंग पेपरवर बेतणी काढली, सगळी मापं घालून. एक गोष्ट विचित्र. कपाटातली ट्रेसिंग पेपरची गुंडाळी जवळजवळ निम्मी संपली आहे. मी दोनच तुकडे घेतले होते. पी. के.ंना विचारलं. म्हणाले, झुरळं असतील. झुरळं सरळ रेघेत पट्टी लावून कापतात का? नक्की चिवडा बांधून कुणाला तरी दिला असेल.

सोमवार, २८ सप्टेंबर

एकशे साडेसोळा.

गुंडोने काटा पुन्हा शून्यावर आणला, पुन्हा तोललं. तेच. "अक्का, जाऊ द्या की," म्हणाला. "जरा थांबा डिसेंबरपर्यंत. वर जायची काय तरी सोय होतीय."

"वर जायची सोय देव करतोच," मी म्हटलं. "मला त्याच्या आधी गच्चीवर जायचंय."

तो हसला नाही. शटर वर करायला गेला.

दोन आठवडे राहिले, साडेचार किलो उतरायचंय. घरी येऊन मी पी. के.ंवर ओरडले. गुरुवारी दसऱ्याला जयनगरला तिसरं केळवण स्वीकारून ठेवलंय यांनी! ते म्हणाले, "दिलेला शब्द मोडता येत नाही." मी म्हटलं, "मला विचारून दिला होता?" ते बाहेर जाऊन जिन्याच्या पायथ्याशी मोजपट्टी घेऊन उभे राहिले. टाकीचा पाइप बदलायचाय म्हणे. इथे माझं आयुष्य टांगणीला लागलंय आणि या माणसाला पाइप सुचतोय!

मी बसून विचार केला. शांतपणे, एखादं गुंतागुंतीचं ड्रॉइंग तपासावं तसा. केळवण कधीच एकट्याचं नसतं. आणि पी. के.ंना त्यांच्या आईने लहानपणापासून शिकवलंय: पानात वाढलेलं टाकायचं नाही. मेलं तरी टाकायचं नाही.

सापडलं.

शुक्रवार, २ ऑक्टोबर

काल काय मजा आली!

जयनगरला पुष्कर आणि श्वेता. दोघं पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आलेली, कॉम्प्युटरवाली, अर्धं बोलणं इंग्रजीत. श्वेताने श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी केली होती, आणि वर एक पिझ्झा आणवला होता. "आंटी, तुम्ही पिझ्झा कधी ट्राय नाही केला ना? मग आफ्टर सर्जरी चान्स नाही."

मी पाटावर बसले नाही, खुर्ची मागितली, पी. के.ंच्या शेजारी. ताकाचा पेला हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "डॉक्टरांनी मला एवढंच सांगितलंय. पण तुमचा मान राहिलाच पाहिजे. माझ्या वाट्याचं सगळं ह्यांच्या पानात वाढा. नवरा-बायकोत दुजाभाव कसला?"

श्वेता खूश. "हाऊ स्वीट!" म्हणाली. वाढायला लागली.

पी. के.ंनी माझ्याकडे पाहिलं. मी ताक प्याले. त्यांनी सोळा पुऱ्या खाल्ल्या. मी मोजल्या. श्रीखंडाची तिसरी वाटी आली तेव्हा कपाळावर घाम होता. पिझ्झाचे सहा तुकडे त्यांनी औषध घ्यावं तसे खाल्ले. पानही पुसून लख्ख केलं. त्यांच्या आईला स्वर्गात बरं वाटलं असेल.

परतताना रिक्षात चार इंच त्यांना पुरत नव्हते.

सोमवार, ५ ऑक्टोबर

एकशे चौदा! अडीच किलो! आणि तिसरा चेंडू! सकाळी न्हाणीघराबाहेर उभी राहून ओढला, तिन्ही वर, टिकले, मी मनात पाचपर्यंत मोजलं. कुणीतरी टाळ्या वाजवायला हव्या होत्या. पी. के. बघत होते, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. "छान," म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

गंमत म्हणून गुंडोने त्यांनाही काट्यावर चढवलं. पंधरा दिवसांपूर्वी घरच्या काट्यावर अडुसष्ट होते, आज एकाहत्तर. "साहेब, अक्कांचं तुमच्याकडे बदलून आलं की हो!" गुंडो म्हणाला. मग दोघं जरा बाजूला जाऊन कुजबुजले. पाइपाबद्दल असणार.

आज कोजागिरी. मंडळाचं दूध. माझा पेला ह्यांना.

बुधवार, ७ ऑक्टोबर

सत्य बाहेर पडलं, आणि ते इतकं क्षुद्र निघालं की मला हसूच येतंय. संताप आणि हसू एकदम.

अलकाचा फोन आला, तब्येत विचारायला. बोलता बोलता म्हणाली, "वहिनी, केळवणाची कल्पना किती गोड हो भावजींची! फोनवर म्हणाले, श्यामलाला आग्रह कर, ऐकू नकोस तिचं. बासुंदी तिला फार आवडते."

मी फोन ठेवला आणि कल्पनाला लावला. तिलाही यांचाच फोन. श्वेतालाही!

तेहतीस वर्षांच्या संसारात मी या माणसाला खादाड समजले नव्हते. आंबिलीच्या घरात राहावं लागतंय म्हणून दुसऱ्याच्या घरची पक्वान्नं मिळवायला माझं पोट पुढे केलं! बायकोचं ऑपरेशन बुडालं तरी चालेल, पण पुरणपोळी हवी!

मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "तुम्ही फोन केलेत?"

"हो."

"का?"

माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघत म्हणाले, "खायचं होतं मला."

बस्स. एवढंच. साधी लाजही वाटली नाही. आणि फॉर्म? "वाचतोय." बावीस दिवस एक पान वाचतोय हा माणूस!

मी त्यांच्याशी बोलत नाही. लाल पेनात नवी शाई भरून ठेवली आहे, कारण माहीत नाही.

शनिवार, १० ऑक्टोबर

एकशे साडेबारा. अर्धा किलो उरला! दोन दिवस! काल शेवटचं केळवण झालं, मंडळाच्या हॉलमध्ये, सगळ्यांचं मिळून. न बोलता मी माझं ताट ह्यांच्यापुढे सरकवलं. न बोलता त्यांनी खाल्लं. जिलबी, मठ्ठा, पुन्हा जिलबी. एकदा थांबले, डोळे मिटले, मग पुन्हा घास घेतला. पोटभर जेवणाऱ्याचा चेहरा असा असतो का? अपचन झालं असेल. खायचं होतं ना, खा.

गुंडो म्हणतो साहेब आता साडेबहात्तर.

बॅग भरली. गाऊन उत्कृष्ट झालेत. पुढे नऊ बटणं, दोन बटणांत साडेचार इंच, एकही चुकलेलं नाही. डोळे मिटले की मी गच्चीवर उभी असते आणि वरून माझी फासळ्यांची पिलं जातात. दोन महिन्यांत बावीस इंचांत मावेन का, हे डॉक्टरांना विचारलं होतं. म्हणाले, "मॅडम, चढाल की नाही सांगत नाही. अडकणार नाही." मला पुरे आहे.

आज पी. के. देवळात गेले होते. तेहतीस वर्षांत लग्न सोडलं तर देवळाची पायरी चढले नाहीत. नारळाचा अर्धा भाग ओट्यावर ठेवला. मी विचारलं नाही. खोबऱ्याच्या वड्या हव्या असतील.

सोमवार, १२ ऑक्टोबर, दुपारी दोन. जयनगर, हॉस्पिटल, पलंग क्र. ६

पलंगावर बसून अक्षर वाईट येतंय. तरी आजच लिहायला हवं.

सकाळी काट्यावर चढले. नर्सबाई म्हणाली, "स्वल्प थांबा, अक्का." काटा हलायचा थांबेना. मग: एकशे अकरा पूर्णांक सहा. मी त्या परक्या मुलीला मिठी मारली. ती जवळजवळ दिसेनाशी झाली.

खाली भरतीच्या खिडकीवर आले. मुलीने विचारलं, "फॉर्म?" पी. के.ंनी कापडी पिशवी उघडली, आत हात घातला आणि तसाच ठेवला. मी पिशवी ओढून घेतली. फॉर्म होता, एका ट्रेसिंग पेपरच्या घडीत. सहीची जागा कोरी.

बोलायला तोंड उघडलं होतं, पण घडी सुटली. आतलं ड्रॉइंग उलगडून खिडकीच्या फळीवर पसरलं.

जिना. सरळ जिना, आमच्या मागच्या भिंतीला लागून, गच्चीपर्यंत. पायरीची उंची सहा इंच, मागाहून खोडून लिहिलेली. दोन्ही बाजूंना कठडा. रुंदी छत्तीस इंच. गुंडोची खडूने माखलेली बोटं कोपऱ्यावर उमटलेली. खालच्या चौकटीत नाव: 'जिना, एस. पी. एच. यांच्यासाठी.' म्हणजे माझ्यासाठी. त्याखाली: '८ डिसेंबरपूर्वी.' काढणार: पी. के. एच. तारीख सोळा सप्टेंबर. तपासणार: रिकामं.

सोळा सप्टेंबर. म्हणजे कल्पना पुरणाचं आमंत्रण घेऊन आली त्याच्या पाच दिवस आधी.

"हे काय?" मी विचारलं. चार आठवड्यांत पहिल्यांदा माझा आवाज चढला नाही.

"ऑपरेशन फेब्रुवारीवर गेलं असतं," ते म्हणाले. "तोवर जिना झाला असता. तू वर गेली असतीस, विमानं बघितली असतीस. मग कदाचित म्हणाली असतीस, आता कशाला कापाकापी."

"आणि मला म्हणालात, खायचं होतं."

"सुलभेलासुद्धा आठ दिवसांत घरी म्हणाले होते," ते म्हणाले. "फॉर्म मीच भरला होता तिचा. मेहुणे दौऱ्यावर होते."

हे मला माहीत नव्हतं. चोवीस वर्षं त्याच घरात राहून माहीत नव्हतं.

मुलगी म्हणाली, "मॅडम, मागे लाईन आहे."

"असू दे लाईन," मी म्हटलं, आणि पर्समधून लाल पेन काढलं.

अठरा पायऱ्या सलग काढल्या होत्या. मध्ये टेकायला जागाच नाही! आयुष्यभर हा माणूस माणसाला दम लागतो हे विसरतो. नवव्या पायरीनंतर मी तीन फुटांचा कट्टा घातला. कठड्याची उंची लिहायची राहिली होती, ती लिहिली. मग छत्तीस इंचांवर आले. छत्तीस! मी कोण, देवीचा रथ? तिथे अठ्ठावीस लिहिणार होते. पेन टेकवलंही. मग वर बघितलं. पी. के. समोर उभे होते, नव्या साडेचार किलोंसकट. सदऱ्याचं तिसरं बटण ताणून तुटायला आलं होतं. प्रत्येक घास मी मोजला होता आणि एकही ओळखला नव्हता.

"रुंदी असू दे," मी म्हटलं. "मला नाही लागणार. तुम्हाला लागेल."

'तपासणार'च्या चौकटीत एस. पी. एच. लिहिलं, तारीख घातली. मग फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. ड्रॉइंग ऑफिसचा नियम त्यांना सांगावा लागत नाही. दोन सह्यांशिवाय कागद खाली कारखान्यात जात नाही.

"माझी झाली," मी म्हटलं. "आता तुमची."

त्यांनी फॉर्म उचलला. आणि पुन्हा वाचला, अख्खा, वरपासून खालपर्यंत. मागची लाईन कुरकुरली. मी मागे वळून बघितलं, तेव्हा थांबली. मग त्यांनी फळीवर कागद ठेवला, डाव्या हाताने घट्ट धरला आणि सही केली.

सही वाकडी आली. ओळ सोडून खाली घसरली. लाल पेन अजून माझ्या हातात होतं. मी ते टोपणात घातलं.